टेडी रूझवेल्टची व्यंगचित्रं आणि आमच्या चौकातला फळा

खडूवाला (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

माझं लक्ष्मीपुरीत डिजिटल प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे. दिवसभर वाढदिवसाचे, निवडीचे, अभिनंदनाचे फलक छापायचे, म्हणजे मधे नेत्याचा चेहरा हा एवढा मोठा आणि खाली शुभेच्छुकांच्या टिकलीएवढ्या फोटोंच्या रांगा. कुणाला केवढं करायचं ते आता हाताला पाठ झालंय. आणि रात्री घरी आलो की गेले तीन-चार महिने एकच नाद लागलाय, अमेरिकेच्या थिओडोर रूझवेल्टवर त्याच्या काळात निघालेली व्यंगचित्रं स्क्रीनवर मोठी करून बघत बसायचं. महायुद्धातला व्हीलचेअरवरचा तो फ्रँकलिन रूझवेल्ट, हा त्याच्या आधीचा, १९०१ ते १९०९ अध्यक्ष होता तो.

माणूस कसा होता ते आधी सांगतो म्हणजे चित्रकारांच्या हाताला काय लागलं ते कळेल. लहानपणी दम्यानं बेजार झालेलं पोरगं, मग व्यायाम करकरून अंग असं कमावलं की पुढं आयुष्यभर एका जागी बसणं म्हणून माहीत नाही. न्यूयॉर्कचा पोलीस कमिशनर असताना रात्री-अपरात्री रस्त्यावर फिरून ड्युटीवर झोपलेले शिपाई शोधायचा, १८९८ ला क्युबाच्या लढाईत स्वतः पलटण घेऊन टेकडीवर चढला, अध्यक्ष झाल्यावर व्हाइट हाउसमध्ये बॉक्सिंग खेळायचा आणि त्यातच डाव्या डोळ्याची नजर गेली. अध्यक्ष मॅकिन्ली गोळी लागून १४ सप्टेंबर १९०१ ला गेले आणि उपाध्यक्ष असलेला हा गडी ४२ व्या वर्षी खुर्चीवर आला, इतका तरुण अध्यक्ष त्या देशाला आधी मिळाला नव्हता नि नंतरही मिळाला नाही.

आणि चेहरा असा की चार रेघांत उभा राहतो. मोठे चौकोनी दात, दांड्या नसलेला नाकावर चिमटून बसवायचा चष्मा, जाड मिशी. त्यात त्यानं स्वतःच चित्रकारांच्या हातात दांडकं दिलं. २ सप्टेंबर १९०१ ला मिनेसोटाच्या जत्रेत भाषण करताना मऊ बोला पण हातात जाड सोटा ठेवा अशा अर्थाची म्हण वापरली, त्यानंतर बाराव्या दिवशी तो अध्यक्ष, आणि मग पुढची सात-आठ वर्षं तो सोटा काय चित्रातून खाली ठेवला गेला नाही.

माझी सगळ्यात जास्त वेळ बघितलेली तीन चित्रं सांगतो.

एक, डब्ल्यू. ए. रॉजर्सचं १९०४ चं. रूझवेल्ट राक्षसाएवढा, कॅरिबियन समुद्रात गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरून चाललाय, खांद्यावर सोटा, आणि मागं दोरीला बांधून छोट्या छोट्या लढाऊ जहाजांची माळ ओढतोय, लहान पोरं दोरी बांधून गाडी ओढत फिरतात तशी. पहिल्यांदा बघताना नजर त्या अवाढव्य देहावरच जाते. पण भोवतीच्या किनाऱ्यांवर नावं वाचा, क्युबा, पनामा, सांतो डोमिंगो (म्हणजे डोमिनिकन देश). आणि जहाजांवर वाचा, कर्जवसुलीवाला, शेरीफ (म्हणजे तिकडचा जप्ती आणणारा अंमलदार). म्हणजे हे लढायला निघालेलं आरमार नाही, वसुलीला निघालेलं आहे. खरंही तसंच झालं, १९०५ ला डोमिनिकन देशाची जकातनाकीच अमेरिकेनं ताब्यात घेतली, कर्ज फेडायचंय म्हणून.

दोन, त्याच रॉजर्सचं त्याच्या आदल्या वर्षीचं. पनामाचा कालवा खणायला कोलंबियाच्या सिनेटनं नकार दिला, आणि ३ नोव्हेंबर १९०३ ला पनामा कोलंबियापासून फुटला, अमेरिकेची युद्धनौका तिथं हजरच होती, तीन दिवसांत मान्यता, पंधरा दिवसांत करार. चित्रात रूझवेल्ट दणादण फावडं मारतोय आणि फावड्यातली माती उडून थेट कोलंबियाच्या राजधानीवर, बोगोटा शहरावर पडतीय. खणणारा माणूस मोठा, उत्साही, बघून बरं वाटावं असा. बोगोटा एवढंसं.

तीन, लुई डॅलरिम्पलचं, जज नावाच्या साप्ताहिकातलं, १४ जानेवारी १९०५. जगाचा हवालदार. मधे हवालदाराच्या वेशात रूझवेल्ट, सोट्यावर लिहिलंय नवी मुत्सद्देगिरी, एका बाजूला युरोपचे राजे नि दुसऱ्या बाजूला बारकी बारकी राष्ट्रं हात वर करून गलका करतायत.

आता माझं म्हणणं. ही चित्रं बघताना लोक रूझवेल्टला बघून हसले, आणि हसता हसता तो आवडायला लागला. त्याची तडफ काढायला गेलं की चित्रच तडफदार होतं, त्याला चित्रकार तरी काय करणार. १९०४ च्या निवडणुकीत होमर डॅव्हनपोर्टनं चित्र काढलं, अंकल सॅम, म्हणजे माणसाच्या रूपातली अमेरिकाच, रूझवेल्टच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतोय की मला हा बरा आहे. डॅव्हनपोर्ट म्हणजे आधी हर्स्टच्या पेपरात रिपब्लिकन पुढारी मार्क हॅनाला डॉलरच्या छापाचे कपडे घालून सळो की पळो करणारा माणूस, आणि त्याचं हे चित्र रिपब्लिकन पक्षानं गावोगाव प्रचाराला लावलं. म्हणून मी आता असलं कुठलंही चित्र आलं की मधल्या माणसावर हात ठेवतो, अक्षरशः तळहातानं झाकतो, आणि उरलेलं बघतो. खाली कोण आहे, कोपऱ्यात कोण उभंय, दोरीच्या दुसऱ्या टोकाला काय बांधलंय. चित्रकाराला जे सांगायचं होतं ते बहुतेक वेळा तिथं असतंय.

ही सवय मला रूझवेल्टमुळं लागली नाही, आमच्या आण्णांमुळं लागली. आण्णा म्हणजे वडील, पेठेतल्या आमच्या तालमीचा चौकातला फळा पंचवीस-तीस वर्षं लिहायचे. सुविचार, निधनवार्ता, मॅचचा निकाल, आणि मनात आलं की खडूनं चित्र. मी सातवीत असताना त्यांनी भागातल्या एका पुढाऱ्याचं चित्र काढलं, नाव सांगत नाही, माणूस पहाटे पाचपासून जीप घेऊन हिंडणारा, त्याला चार हात नि चार पाय दाखवले, एका हातात भूमिपूजनाचा नारळ, एकात कुदळ, एकात हार, एकात कात्री फीत कापायला. आणि खाली उजव्या कोपऱ्यात नळाखाली घागर धरून उभी असलेली बाई, नळाला पाणी नाही. दुसऱ्या दिवशी पुढारी स्वतः आले, पोट धरून हसले, आण्णांच्या पाठीवर थाप मारली, फोटोग्राफर बोलवून फळ्याजवळ फोटो काढून घेतला. सहा महिन्यांनी निवडणूक लागली आणि घरोघरी हँडबिल आलं, वर आण्णांचंच चित्र, खाली ओळ, चार हातांनी राबणारा आपला माणूस. उजवा खालचा कोपरा कापून टाकलेला. आण्णा ते हँडबिल बराच वेळ हातात धरून उंबऱ्यावर बसले होते. त्यानंतर वर्षभर त्यांनी फळ्यावर माणूस काढला नाही.

तुम्हाला काय वाटतं, तडफदार नेत्याची टर उडवणारं चित्र त्याला लहान करतं की मोठं? आजच्या पुढाऱ्यांची नावं कृपा करून नकोत, धागा तिकडं गेला की परत येत नाही.

तांबडापांढरा

भावा लई म्हंजे लई भारी लिवलंयस. आण्णांचं वाचून गलबललं. मी त्या पेठेतलाच हाय, फळा बगायला आमी शाळेत जाताना मुद्दाम वाट वाकडी करून जायचो, मॅच हरली की काय लिवलंय ते बगायला तर गर्दी असायची.

एक इचारायचं हुतं, ते टेडी बेअर याच रूझवेल्टवरनं आलं म्हंत्यात ते खरं काय? शिकारीला गेला आणि पिल्लाला बघून दया आली वगैरे.

खडूवाला

दादा, फळ्याची आठवण काढलीस, बरं वाटलं.

टेडी बेअरचं खरं आहे पण पिल्लू नव्हतं आणि दयेची गोष्टही आपण ऐकतो तेवढी गोड नाही. नोव्हेंबर १९०२, मिसिसिपी राज्यात अस्वलाची शिकार. वाटाड्या होता हॉल्ट कॉलियर, गुलामीत जन्मलेला काळा माणूस, त्या रानातला सगळ्यात नावाजलेला शिकारी. कुत्र्यांनी अस्वल घेरलं, अस्वलानं कुत्रा मारला, तेव्हा कॉलियरनं बंदुकीच्या दस्त्यानं त्याला हाणून दोरीनं झाडाला बांधलं आणि साहेबांना बोलावणं धाडलं की या, मारा. रूझवेल्ट आला, बांधलेलं जनावर मारणं शिकाऱ्याला शोभत नाही म्हणून गोळी घालायला नाही म्हणाला. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढं त्यानं सांगितलं की त्याला हालातनं सोडवा, आणि ते सुऱ्यानं मारलं.

१६ नोव्हेंबरला वॉशिंग्टन पोस्टमध्ये क्लिफर्ड बेरीमनचं चित्र आलं. रूझवेल्ट पुढं उभा, बंदूक टेकवलेली, अस्वलाकडं पाठ, हात आडवा करून नको म्हणतोय. मागं एक माणूस अस्वलाच्या गळ्यातली दोरी ताणून धरतोय. खाली ओळ आहे तिचा अर्थ मिसिसिपीत रेघ ओढली असा होतो, आणि त्या रेघेवर आजही वाद आहे, कुणी म्हणतं दोन राज्यांच्या हद्दीचा तंटा तेव्हा चालू होता त्याबद्दल, कुणी म्हणतं गोऱ्या-काळ्यांतली रेघ. अस्वल काळं, दोरी धरणारा गोरा, राज्य मिसिसिपी, आणि त्या काळात तिथं काळ्या माणसांना झाडाला टांगून मारत होते. मला दुसरा अर्थ मनापासून पटतो.

पण खरी गोष्ट पुढची आहे. बेरीमननं तेच चित्र परत काढलं तेव्हा अस्वल बदललं. पहिल्यातलं चांगलं थोराड. दुसऱ्यातलं बारकं, गोल कानाचं, डोळे वटारून थरथरतंय. लोकांना हेच आवडलं, मग बेरीमन पुढं वर्षानुवर्षं रूझवेल्टच्या पायाशी तेच बाळअस्वल काढत राहिला. ब्रुकलिनमध्ये मॉरिस मिक्टम नावाचा दुकानदार होता, त्याच्या बायकोनं, रोझनं, कापडाचं अस्वल शिवलं, ते काचेत मांडलं, आणि जर्मनीत श्टाइफ कंपनीनंही तेव्हाच केसाळ अस्वलं बनवली. दोरीनं बांधलेलं जनावर होतं, त्याची बाहुली झाली. मी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघितली, दोरी दोन्हीत आहे. रूझवेल्टला स्वतःला टेडी म्हटलेलं आवडत नव्हतं म्हणे.

चित्रकलेच्या बाई

सुंदर धागा. १९०२ वाचून मला लगेच आपलं १९०२ आठवलं, २६ जुलैला शाहू महाराजांनी ५० टक्के जागा राखून ठेवायचा हुकूम काढला ते साल. तिकडं त्याच वर्षी तो रेघेचा वाद. महाराज नि रूझवेल्ट, दोघं शिकारीचे शौकीन, दोघं रान राखणारे. आपलं दाजीपूर आधी संस्थानचं शिकारीचं राखीव रान होतं, १९५८ ला अभयारण्य झालं आणि आज गवे तिथं सुखानं चरतात. रूझवेल्टनंही १९०३ ला फ्लोरिडात पेलिकन पक्ष्यांसाठी बेट राखून सुरुवात केली आणि पुढं कोट्यवधी एकर जंगल राखलं. शिकाऱ्याला रानाची किंमत कळते असं माझे वडील म्हणायचे.

तळहातानं मधला माणूस झाकायची युक्ती मी उद्याच नववीच्या वर्गात करून बघणार आहे दादा, परवानगी गृहीत धरते.

पंचगंगाकाठ

लेख उत्तम, मेहनत दिसते. पण मी असहमत आहे आणि थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्या चित्रांत पायाखालचा माणूस शोधायचा ठरवला तर रूझवेल्टनं ज्यांच्याशी पंगा घेतला ते कुठं गेले? पक साप्ताहिकातलं १३ जानेवारी १९०४ चं उडो केप्लरचं चित्र बघा. इथं रूझवेल्टच बारका आहे, हातात तलवार, तिच्यावर लोकसेवा असं लिहिलंय, आणि समोर वॉल स्ट्रीटचे राक्षस, मॉर्गन, रॉकफेलर वगैरे बडे भांडवलदार, घरांवरून पाय टाकून उभे. हे चित्र आलं तेव्हा रेल्वेवाल्यांच्या नॉर्दर्न सिक्युरिटीज कंपनीवरचा सरकारी खटला सुप्रीम कोर्टात होता, दोन महिन्यांनी ५ विरुद्ध ४ नं सरकार जिंकलं. दुसरं, २३ मे १९०६ चं फ्रँक नॅनकिव्हेलचं. रूझवेल्ट बाळ हर्क्युलिस, दोन मुठींत दोन साप, एकाचं तोंड रॉकफेलरचं, दुसऱ्याचं सिनेटर ऑल्ड्रिचचं. आपल्या माणसाला हर्क्युलिस माहीत नसला तरी कालियामर्दन माहीत आहे, बघताक्षणी कळतं. ब्रिटिश मुत्सद्दी स्प्रिंग-राइस यांनी एका पत्रात लिहिलंय की हा अध्यक्ष साधारण सहा वर्षांचा आहे हे कायम ध्यानात ठेवा, तोच पोरपणा चित्रकारानं घेतला आणि त्याला ताकद करून टाकलं.

त्याच वर्षी मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा कायदा झाला. सामान्य माणसाच्या ताटापर्यंत पोचलेलं काम आहे हे. नेता चांगलं काम करत असेल तर चित्र त्याच्या बाजूचं निघालं म्हणून ते जाहिरात होत नाही. तुमच्या आण्णांच्या बाबतीत झालं ते वाईटच, पण त्यावरून सगळ्या व्यंगचित्रांना एकच माप लावू नये.

आणखी एक. त्यानं टीका सहन केली हे मोठेपण आहे. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नर पेनीपॅकर यांना चार्ल्स नेलननं पोपट काढलं तर १९०३ ला माणसाला पशुपक्षी दाखवणाऱ्या चित्रांवर बंदी घालणारं विधेयकच तिथल्या विधिमंडळात आलं. रूझवेल्ट अशा चित्रांवर खूश व्हायचा.

जुनी प्रेस

पेनीपॅकरचं पुढं सांगायला पाहिजे, विधेयक आल्यावर वॉल्ट मॅकडूगल नावाच्या चित्रकारानं पुढाऱ्यांना झाड, बटाटा, बिअरचा ग्लास असं काढलं, कारण विधेयकात पशुपक्षी होते, भाजीपाला नव्हता. ते विधेयक बारगळलं, पण त्याच वर्षी पेपरांवर बदनामीचा कडक कायदा झाला, तो १९०७ ला मागं घेतला.

मी चाळीस वर्षं छपाईत काढली, सुरुवात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवण्यापासून, म्हणून ही चित्रं छापायची कशी ते लिहितो, कारण चित्र कसं दिसतं त्यात निम्मं काम छपाईचं असतं. पक आणि जज ही रंगीत साप्ताहिकं, शिळाप्रेसवर निघायची. बव्हेरियातला चुनखडीचा दगड घासून गुळगुळीत करायचा, त्यावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, मग दगड पाण्यानं ओला करायचा, शाईचा रूळ फिरवला की तेलकट रेघ शाई धरते आणि ओला दगड धरत नाही. दर रंगाला वेगळा दगड. चित्र कागदावर उलटं उमटतं म्हणून दगडावर सगळं उलटं काढायचं, त्या सोट्यावरची आणि तलवारीवरची अक्षरंसुद्धा. आपल्याकडं रविवर्मा प्रेस १८९४ ला मुंबईत सुरू झाला तो याच तंत्राचा, कारागीर जर्मनीचे आणलेले.

बेरीमन, रॉजर्स यांचं रोजच्या पेपरातलं काम वेगळं. तिथं पेननं काळ्या रेघा, त्याचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवून आम्लानं खाऊन ब्लॉक करायचा आणि खिळ्यांबरोबर फर्म्यात बसवायचा. आज दुपारी काढलं की उद्या सकाळी घरात. त्यामुळं पेपरातल्या चित्रात कोपरे मोकळे, माणसं थोडी, रेघ जाड. साप्ताहिकाच्या मधल्या जोडपानाला जागा भरपूर नि वेळही असायचा, म्हणून तिथं कोपऱ्यात दहा-दहा माणसं भरलेली दिसतात. तुम्ही कोपरा बघा म्हणता ते जोडपानाच्या चित्राला जास्त लागू पडतं, मला वाटतं.

हँडबिलाला ब्लॉक करताना कोपरा कापणं हे आमच्या धंद्यात रोजचंच होतं, साइज बसली नाही की कापायचं. मुद्दाम कापलं असेलच असं नाही हो. मी स्वतः असे किती कोपरे कापले असतील, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही.

खडूवाला

जुनी प्रेस काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. दगडावर अक्षरं उलटी लिहायची हे मी आज पहिल्यांदा शिकलो, आता तो सोटा बघताना वेगळाच दिसणार. कोपऱ्याचं तुमचं म्हणणं जोडपानाला जास्त लागू पडतं हेही पटलं, पण बोगोटाचं चित्र पेपरातलंच आहे आणि तिथं अख्खं शहर कोपऱ्यात आहे.

पंचगंगाकाठ साहेब, मुद्दा रास्त आहे आणि केप्लरचं ते चित्र माझ्याही आवडीचं आहे. पण टीका सहन करायचा म्हणालात तिथं मी अडतो. चित्रं सहन करायचा, शब्द नाही. पनामाच्या व्यवहारातले पैसे कुणाच्या खिशात गेले असा प्रश्न जोसेफ पुलित्झरच्या न्यूयॉर्क वर्ल्डनं १९०८ ला छापला तेव्हा याच रूझवेल्टनं केंद्र सरकारकरवी बदनामीचा फौजदारी खटला घातला, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९११ ला सरकार हरलं. त्याच पनामावर रॉजर्सनं माती उडवतानाचं चित्र काढलं होतं, त्यावर खटला झाला नाही. का? मला वाटतं चित्रात तो रुबाबदार दिसत होता म्हणून. बातमीत तसा दिसत नव्हता.

आणि मांस तपासणीचा कायदा झाला त्याच १९०६ ला टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल गावातल्या गोळीबारावरून १६७ काळ्या सैनिकांना कुठलाही खटला न चालवता त्यानं नोकरीवरून बडतर्फ केलं. हे त्याच्या चांगल्या कामाला खोडायला लिहीत नाहीये. दोन्ही एकाच माणसानं केलंय आणि चित्रकाराला दोन्ही दिसायला हवं, एवढंच.

रद्दीतले अंक

मी रविवारच्या बाजारातनं जुने अंक गोळा करतो, मार्मिकचे काही, शंकर्स वीकलीचे चार. आपल्याकडचा तडफदार नेता म्हणाल तर नेहरू, आणि त्यांचा चित्रकार शंकर. १९४८ ला शंकर्स वीकली नेहरूंच्याच हस्ते सुरू झालं, मलाही सोडू नको असं ते शंकरना म्हणाले हे सगळ्यांना पाठ आहे. पण धागालेखकाची युक्ती लावून मी शंकर यांचं १९४९ चं संविधानाचं चित्र परत बघितलं. गोगलगायीवर डॉ. आंबेडकर बसलेत, मागं नेहरू चाबूक उगारून, भोवती बघ्यांची गर्दी हसतीय. नेहरूंची घाई दाखवायला काढलं असणार. पण नेहरूंवर हात ठेवून बघितलं की काय उरतं? संविधान लिहिणारा माणूस, त्याच्या पाठीमागं चाबूक आणि हसणारे लोक. २०१२ ला ते शाळेच्या पुस्तकात आहे म्हणून संसदेत गदारोळ झाला, पुस्तकातनं काढलं, तेव्हा मला वाटलं होतं की लोक उगाच चिडतात. आज तसं वाटत नाही. काढून टाकावं की नको हा वेगळा वाद, पण ज्यांना लागलं त्यांनी कोपरा बघितला होता आणि मी मधला चाबूक बघत होतो.

आणीबाणीतलं अबू अब्राहम यांचं चित्र, १० डिसेंबर १९७५, राष्ट्रपती आंघोळीच्या टबमधनं हात बाहेर काढून वटहुकमावर सही करतायत. त्यात ज्या बाईंच्या तडफेबद्दल चित्र आहे त्या चित्रात नाहीतच. मला ते रूझवेल्टच्या सगळ्या सोट्यांपेक्षा जास्त जबर वाटतं.

साधा वाचक

रद्दीतले अंक यांच्याशी पूर्ण सहमत, आणि लक्ष्मण राहिले की. १९५१ पासून टाइम्समध्ये रोज कोपऱ्यात उभा राहिलेला चौकड्याच्या कोटातला म्हातारा. मंत्री बडबडतात, धावतात, उद्घाटनं करतात आणि हा गप्प बघतो. खडूवाला म्हणतात तो कोपऱ्यातला माणूस लक्ष्मणनी कायमचा चित्रात आणून ठेवला, कुणाला कापता येणार नाही असा. बेरीमनचं अस्वलही कोपऱ्यातच होतं, पण ते गोड झालं आणि पुढाऱ्याचं झालं. म्हातारा कधीच कुणाचा झाला नाही.

तांबडापांढरा

कोपऱ्यातला म्हातारा, वा! हे काय माज्या डोक्यात आलं न्हवतं. आरं खडूवाल्या, त्यो फळ्याजवळ काढलेला फोटू हाय का रं तुझ्याकडं? पुढाऱ्याचं तोंड झाकून टाक, पण आण्णांचं चित्र बगू दे की आमाला.

चित्रकलेच्या बाई

वर्गात करून बघितलं. कॅरिबियनचं चित्र प्रोजेक्टरवर लावलं, एका मुलीला पुढं बोलावून रूझवेल्टवर वही धरायला लावली. मुलं आधी काही नाही म्हणाली, मग मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, बाई, पाण्याला लाटा आल्यात, ती छोटी गावं बुडतील. मी इतक्या वेळा बघूनही लाटा बघितल्या नव्हत्या.

फोटो खरंच असेल तर टाका दादा. मुलांनाही दाखवीन.

खडूवाला

लाटांचं वाचून मी परत चित्र उघडलं. त्या पोराला माझ्याकडनं शाबासकी सांगा.

फोटो सापडला. रविवारी आईच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात होता. पोस्टकार्डाएवढा काळा-पांढरा, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. दुकानात नेऊन १२०० डीपीआयला स्कॅन केला आणि मोठा करून बघितला तर मला मूळ लेखातलं एक वाक्य दुरुस्त करायला लागणार आहे.

फळा पूर्ण दिसतोय. चार हात, नारळ, कुदळ, हार, कात्री, सगळं स्वच्छ. डावीकडं आण्णा, हातात खडूचा डबा, टोपी तिरकी. आणि उजवीकडं पुढारी स्वतः, फळ्याला रेलून, कमरेवर हात ठेवून, हसत. तिथंच ती बाई होती. त्यांच्या अंगाआड गेलीय. त्यांच्या हाताच्या कोपरापासनं पुढं नळाची तोटी आणि घागरीचा काठ तेवढा दिसतोय. म्हणजे हँडबिलवाल्यानं या फोटोवरनं चित्र उतरवून घेतलं असेल तर त्याच्याकडं बाई नव्हतीच, त्यानं कापली नाही. जुनी प्रेस काका, तुमचं बरोबर होतं, आणि इतकी वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

आईला स्कॅन दाखवला. आता तिला कमी दिसतं, भिंग घेऊन बसली. पुढाऱ्याकडं बघितलं नाही, आण्णांकडं थोडा वेळ बघितलं, मग घागरीच्या काठावर बोट ठेवून म्हणाली, हा पोचा बघ, ही आपलीच घागर, तू पायरीवरनं पाडली होतीस.

पुढाऱ्याचा चेहरा झाकून फोटो उद्या टाकतो.